हिरवा ठिपका आणि तिसरा सेट

२७ जानेवारी १९९७. पहाटे कडक थंडी, आठपर्यंत धुकं, नंतर कोरडं ऊन. वारा नाही.

कालच्या मॅचचं लिहायला बसलो आणि लक्षात आलं, नुसती मॅच लिहून भागणार नाही. किस्से साठतात ते असेच. एक सांगायला जावं तर त्याच्या आधीचा आडवा येतो, आणि तो सांगितल्याशिवाय पुढच्याला चव येत नाही. आमच्या नागापूरच्या कारखान्यात तर ‘सेट’ या एका इंग्रजी शब्दाभोवतीच इतके किस्से जमलेत की त्यांना आता वेगळं कपाट लागेल!

मी इथलं टूल स्टोअर सांभाळतो. सगळे मला नाना म्हणतात. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी शिकलो ते हत्यारांच्या खोक्यांवरची अक्षरं लावून, आणि पुढे माळीवाडा एसटी स्टँडजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेल्या एका जाडजूड डिक्शनरीतून. तिचं पुठ्ठ्याचं कव्हर गेलेलं होतं, म्हणून मी तिला पॅकिंगचा खाकी कागद घातला. ती स्टोअरच्या काउंटरखाली असते, माप घ्यायच्या व्हर्नियरच्या शेजारी.

कालची मॅच कशासाठी होती ते आधी सांगतो. कारखान्यामागे आमचं व्हॉलीबॉलचं मैदान आहे. दरवर्षी सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की रस्त्यापलीकडच्या कंपनीशी तिथे आमची मॅच होते. सलग तीन वर्षं आम्ही हरलो. यंदा दिवाळीनंतर आमचे वर्क्स मॅनेजर भंडारी साहेब म्हणाले, “जागा अडून पडली आहे. मला स्टीलचे बार ठेवायला यार्ड पाहिजे. या वर्षी जिंकलात तर मैदान तुमचं. हरलात तर यार्ड!”

आमचा कॅप्टन प्रल्हाद साळवे. त्याने साहेबांच्या हातावर हात मारला.

*

साळवे कारखान्यातही सेटर आणि मैदानातही सेटर. कारखान्यातला सेटर म्हणजे ऑटोमॅटिक लेथवर हत्यारं बसवून, मापं जुळवून मशीन लावून देणारा माणूस. मैदानातला सेटर म्हणजे जाळीजवळ उभा राहून दुसऱ्याला मारायला चेंडू उचलून देणारा. दोन्हीकडे मेहनत याची आणि टाळ्या दुसऱ्याला.

बेलापूरचा बाबू थोरात नवीन ऑपरेटर म्हणून लागला तेव्हाची गोष्ट. पहिल्याच दिवशी माझ्या खिडकीशी आला.

“नाना, सेट द्या.”

“कसला सेट?”

“त्ये काय म्हाईत न्हाई. साळवेदादा म्हनले, मी सेट करतोय, नानाकडून सामान आन.”

मी काउंटरवर मांडून दाखवलं. ॲलन कीचा सेट, ड्रिलचा सेट, फाइलींचा सेट, रीमरचा सेट, आकडे उठवायच्या पंचांचा सेट. म्हटलं, यातला कुठला? आमचा नियम असा की प्रत्येकाजवळ आपल्या नंबरची पितळी टोकनं असतात. एक टोकन ठेवायचं, एक हत्यार न्यायचं. बाबूने खिशातली सगळी टोकनं काउंटरवर ओतली आणि सगळे सेट छातीशी कवटाळून घेऊन गेला.

थोड्या वेळाने परत आला. मागे साळवे.

“नाना, ह्या गड्यानं अख्खं दुकान उचलून आनलं! मला निस्ता सोळाचा पाना पायजे हुता.”

“ने की. टोकन ठेव.”

साळवेची टोकनं आधीच अडकलेली, बाबूची तर संपलेलीच.

“एक सेट परत कर, मग पाना ने,” मी म्हटलं.

साळवेने कपाळावर हात मारला. “नाना, तुमी आन पठारे मॅडम एकाच घरातले का वो?”

*

आता पठारे मॅडम. त्या इन्स्पेक्शनला आहेत. त्यांच्या टेबलाशी यायचं तर मोठमोठे गडीसुद्धा आधी तोंडातलं पान थुंकून येतात.

आमच्याकडे सेटिंग पूर्ण झालं की मशीनवर एकच पीस काढायचा. तो पहिला पीस मॅडमच्या टेबलावर जातो. त्या तो कपड्याने पुसतात, उजेडाकडे धरून सावकाश गोल फिरवतात, मग मायक्रोमीटर लावतात. बरोबर असेल तर त्याच्यावर ब्रशने हिरवा ठिपका देतात. ठिपका पडेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. आणि ठिपका पडला की थांबायचं नाही! हत्यार बदललं, मशीनची जागा बदलली, काहीही हललं की पुन्हा पहिला पीस, पुन्हा ठिपका. हे आमच्या लोकांच्या अंगात इतकं मुरलंय की साळवे घरी नवीन चूल पेटवली तरी पहिली भाकरी बाजूला ठेवतो, असं त्याची बायको सांगते.

एकदा पुण्याहून मोठं गिऱ्हाईक आलं. भंडारी साहेब त्यांना थेट साळवेच्या मशीनवर घेऊन आले. नेमकं तेव्हाच सेटिंग झालेलं आणि पहिला पीस मॅडमकडे गेलेला.

“साळवे, चालू करा,” साहेब म्हणाले.

“साहेब, ठिपका न्हाई आजून.”

“अहो, पाहुण्यांना नुसतं फिरवून दाखवा!”

साळवेने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान वर न करता सांगितलं, “साहेब, माप वर जातंय. लाल.”

पीस नापास मालाच्या लाल डब्यात गेला. साळवे पाना घेऊन पुन्हा मशीनच्या पोटात शिरला. पाहुण्यांनी चहा घेतला. दुसरा पीस गेला. तोही लाल! पाहुण्यांनी पुन्हा चहा घेतला. साहेबांचा चेहरा त्या लाल डब्यासारखा झाला. मॅडम आपल्या शांतपणे मायक्रोमीटर पुसतायत.

तिसऱ्याला हिरवा ठिपका पडला. साळवेने बटण दाबलं आणि मशीन जे सुटलं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबलं नाही.

पाहुणे निघताना म्हणाले, “भंडारी, तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास नव्हता. पण तुमचं कुणी ऐकत नाही हे पाहून बरं वाटलं! ऑर्डर पक्की.”

*

साळवे देवळाली प्रवऱ्याचा. खोली इथे नागापुरात, आठवड्याला गावी जातो. त्याचे वडील उभा जन्म लोकांच्या उसात राबले. त्यांनी एकदा हट्टच धरला, पोरगा करतो काय ते मला बघायचंय. साहेबांची परवानगी काढून त्यांना आत आणलं. स्टुलावर बसवलं.

सकाळी साळवे मशीन लावत होता. वाकून, गुडघ्यावर टेकून, हात कोपरापर्यंत तेलात. म्हातारबाबा बघत होते. मग ठिपका पडला, मशीन सुरू झालं, पितळी बुश, म्हणजे नळीचे छोटे तुकडे, एकामागून एक पडायला लागले. साळवेने हात पुसले आणि वडिलांच्या शेजारी येऊन बसला.

बराच वेळ झाला तरी पोरगा उठेना. म्हातारबाबा अस्वस्थ. शेवटी हळूच म्हणाले, “आरं, मुकादम बगंल. ऊठ की!”

“बाबा, काम चाललंय माजं.”

“कुठं चाललंय? बसलाईस तर!”

“मशीन करतंय न्हवं. म्या लावून दिलंय.”

म्हातारबाबांनी मशीनकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, पुन्हा मशीनकडे पाहिलं. संध्याकाळी गेटवर वॉचमनने विचारलं, काय बाबा, बघितलं का पोराचं काम? तेव्हा ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की रस्त्यापलीकडच्या कंपनीलाही ऐकू गेलं असेल.

“बगितलं की! आमी हुबं राहून राबलो. ह्यो बसून लोखंडाला राबवतोय!”

*

बाबू थोरातचं लग्न बेलापूरला झालं. आमच्याकडे लग्नात लेमन सेट द्यायची पद्धत. काचेचा एक जग आणि त्याला जोडीचे ग्लास, वर फुलं. साळवे-बाबूच्या ऑटो सेक्शनने वर्गणी काढून लेमन सेट घेतला. सेकंड शिफ्टला ते कुणी सांगितलंच नाही, त्यांनीही लेमन सेट घेतला. कँटीनवाल्यांनी स्वतंत्र. बाबूच्या मावश्या, मामा, मित्र, सगळ्यांनी जणू एकाच दुकानात रांग लावलेली! मांडवात काचेचं दुकान उभं राहिलं.

बाबूची आई म्हणाली, “आता येवढ्या सरबताला लिंबाची बाग लावावी लागंल.”

पण खरी गंमत जेवणाआधी झाली. गर्दीने मांडवात उकडत होतं, म्हणून त्याच सेटमध्ये सरबत करून आणलं. वाढणाऱ्याने आमच्या ओळीत ग्लास दिले. आमचं कुणी पिईना. साळवे, कारखान्यातला रफिक शेख, बाबूचे मशीनवरचे पार्टनर, सगळे ग्लास हातात धरून पठारे मॅडमकडे बघतायत! कुणी ठरवलेलं नव्हतं. पहिला ग्लास मॅडमच्या हातात होता, एवढंच. मॅडमनीही सवयीने तो उजेडाकडे धरला, सावकाश गोल फिरवला आणि एक घोट घेतला. म्हणाल्या, “ठीक आहे.”

सगळ्यांनी एकदम ग्लास तोंडाला लावले.

हे सगळं नवरीचे वडील लांबून बघत होते. ते घाईघाईने आत गेले आणि बाहेर येताना बरोबर बायको, साडी, खण, नारळ आणि कुंकवाचा करंडा. मॅडमची ओटी भरली. मॅडम नको नको म्हणतायत, तर ते हात जोडून, “तुमचा मान राहिला हुता, चुकी झाली.”

मग त्यांनी बाबूला बाजूला घेऊन विचारलं, “ह्या कोन तुमच्या? थोरल्या आत्याबाई का?”

बाबू म्हणाला, “न्हाई वो. ह्या आमचं इन्स्पेक्शन!”

*

लग्नानंतर चहाच्या सुट्टीत यावरूनच वाद सुरू झाला. रफिक शेख म्हणाला, “नाना, एक सांगा. लेमन सेट, मशीन सेट, टीव्ही सेट, नाटकाचा सेट, सिमेंट सेट झालं, पोरगा नोकरीला लागून सेट झाला. इंग्रजांकडे शब्द कमी होते का?” रफिक आमचा सगळ्यात उंच खेळाडू. जाळीवरून तो मारतो तेव्हा पलीकडचे डोळे मिटतात.

मी डिक्शनरी वर काढली. खाकी कव्हर झटकलं. ‘सेट’ हा शब्द उघडला तर तो पान उलटलं तरी संपेना, पुन्हा उलटलं तरी संपेना. बारीक अक्षरात अर्थामागे अर्थ. सगळे वाकून बघायला लागले.

“आरं, ह्ये तर गावाच्या मतदारयादीवानी हाय,” बाबू म्हणाला.

मी शांतपणे शेवटाकडचा भाग लावला, जिथे शब्द कुठून आला ते दिलेलं असतं. वाचून, जुळवून मराठीत सांगितलं. हा मुळात एक शब्द नव्हेच, दोन आहेत. एक जुना इंग्रजीतला. त्यांच्याकडे ‘बसणे’ असा शब्द होता, त्याचं ‘बसवणे’ झालं, तो सेट. हत्यार बसवलं, हाड बसवलं, घडी बसवली, सिमेंट बसलं, सूर्य खाली बसला, सगळं त्यातलं. दुसरा आला लॅटिनमधून, फ्रेंच लोकांच्या तोंडून. त्याचा मूळ अर्थ मागोमाग चालणारी माणसं, पंथ. त्यावरून एकत्र असणारा गट, जोडीच्या वस्तू. लेमन सेट त्यातला. दोघांचा उच्चार सारखा पडला आणि पुढे लोकांनी कुणाचं काय ते बघायचंच सोडलं.

पठारे मॅडम त्यांच्या टेबलावरून म्हणाल्या, “म्हणजे दोन वेगळे पीस एका ट्रेमध्ये मिसळले. तिकडे इन्स्पेक्शन नव्हतं वाटतं!”

“मग साळवेदादा कुठला?” रफिकने विचारलं. “बसवणारा की मागोमाग चालणारा?”

“म्या बसवनारा,” साळवे म्हणाला.

“आणि आम्ही?”

“तुमी मागनं चालनारं. पन चालता कुठं! काल प्रॅक्टिसला या म्हनलं तर एकाला बायकोची भाजी, एकाला सायकल पंक्चर. साहेब यार्डासाठी ठेकेदार बोलावतोय, आन तुमी डिक्शनऱ्या वाचा!”

 त्या दिवशी प्रॅक्टिसला मात्र सगळे आले. साळवेने मला बाजूला घेऊन सांगितलं, “नाना, डिक्शनरी रोज काडत जावा.”

*

मैदान साळवेने केलेलं आहे. आधी तिथे वेड्या बाभळी आणि तुटकी खोकी होती. पहिली शिफ्ट सुटली की साळवे आणि टीमचे लोक घरी जायच्या आधी थोडं थोडं साफ करायचे. मुरूम टाकला, पाणी मारलं, शेजारच्या रस्त्याच्या कामावरून रोलर मागून आणला. चुन्याची पहिली लाइन साळवेने स्वतः मारली, दोरी लावून, मशीनच्या मापाने. मग उगाचच तिच्या आत जाऊन उभा राहिला.

मी म्हटलं, “काय बघतोस?”

“काय न्हाई. ल्हानपनी आमी लाइनीच्या भायेर हुबं राहून चेंडू आनून द्यायचो. आत कुनी घ्यायचं न्हाई.” मग हसला. “ही लाइन म्या मारलीय, नाना.”

नंतर खांब उभे केले. खड्ड्यात सिमेंट ओतलं. साळवेने सगळ्यांना ताकीद दिली, “बसू द्या. उद्यापतुर हात लावायचा न्हाई.” आणि तो हात धुवायला गेला.

बाबूला दम कुठला! त्याने लगेच जाळी बांधली, आणि चांगली ताणून बांधली. साळवे परत येतो तर एक खांब आत झुकलेला. सिमेंट तसंच बसलं.

बाबू म्हणाला, “दादा, उकरून काडू का?”

साळवेने खांबाला एक प्रदक्षिणा घातली. म्हणाला, “ऱ्हाऊ दे. पाव्हण्याला वाकून नमस्कार करतोय म्हनायचं.”

तेव्हापासून बाहेरची टीम आली की आधी त्या खांबाकडे बोट दाखवते. पंच टेप लावतात, मधोमध उंची बरोबर भरते आणि खेळ सुरू होतो. खांब अजून नमस्कार करतोच आहे.

*

मग आम्ही हरायचो कशामुळे? हे रफिकने यंदा सगळ्यांसमोर सांगितलं.

मॅच तीन सेटची. आमचे लोक पहिला सेट नेहमी हरतात. जीव तोडून खेळतच नाहीत! एक चेंडू मारायचा, मग थांबून बघायचं, कुठे पडला, का पडला, कोण किती सरकला. पहिला पीस ना! ठिपका पडायचाय! दुसऱ्या सेटमध्ये मशीन सुरू होतं आणि तो आम्ही जिंकतो. घात होतो तिसऱ्यात. तिसऱ्या सेटमध्ये एका टीमचे आठ पॉइंट झाले की बाजू बदलतात. बाजू बदलली की आमच्यासाठी जागा बदलली. जागा बदलली की सेटिंग गेलं. झालं, हे पुन्हा उभे राहून बघायला लागतात! तोवर पलीकडचे धडाधड पॉइंट घेऊन मोकळे. तीन वर्षं असंच झालं.

“तेवढं थांबू नका,” रफिक म्हणाला. “बाजू बदलली तरी चालू ठेवा. बस्स.”

“चालू ठेवायचं,” सगळे म्हणाले.

“ठिपक्याशिवाय?” बाबूने विचारलं. सगळ्यांनी त्याला गप्प केलं. पण प्रश्न तिथेच राहिला.

*

काल झेंडावंदन झालं. जिलेबी वाटली. मैदानाच्या एका बाजूला दोन्ही कंपन्यांचे लोक, दुसऱ्या बाजूला खुर्च्या. भंडारी साहेब आले ते यार्डाच्या ठेकेदारालाच बरोबर घेऊन. त्याच्या हातात टेप, आणि गेटजवळ उभ्या केलेल्या त्याच्या टेम्पोत लोखंडी खुंट्या. “मॅच संपली की आखून घेऊ,” असं साहेब त्याला म्हणाले ते साळवेने ऐकलं. पठारे मॅडम घरच्यासारख्या येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. अंगावर बाबूच्या लग्नात मिळालेली साडी. गुण लिहायला मी.

पहिला सेट आम्ही हरलो. पलीकडचे लोक हसत होते. आमचे लोक थांबून थांबून बघत होते. दुसरा सेट आम्ही जिंकला. ठेकेदार टेपशी खेळायचा थांबला.

तिसऱ्या सेटला सर्व्हिस कुणाचीही असो, प्रत्येक चेंडूला पॉइंट. सुरुवात आमची झकास झाली. साळवे चेंडू उचलून देतोय, रफिक मारतोय. आठ-पाच. पंचांनी शिट्टी वाजवली, बाजू बदला.

आमचे सहा जण जाळीखालून पलीकडे गेले, वळले, आणि उभे राहिले.

आठ-सहा. “चालू ठेवा रे!” रफिक ओरडला. आठ-सात. बाबू आपल्या पायांकडे बघतोय. आठ-आठ. साळवेने चेंडू उचलला तो रफिकच्या हाताच्या वीतभर मागे. आठ-नऊ. आठ-दहा. पलीकडच्या कंपनीने पत्रे वाजवायला सुरुवात केली. आठ-अकरा झाले तो चेंडू बाबूच्या हाताला लागून बाहेर उडाला, टप्पे घेत कोपऱ्यात गेला आणि पठारे मॅडमच्या पायाशी थांबला.

साळवेने टाइम-आउट मागितला आणि स्वतः चेंडू आणायला लाइनीच्या बाहेर गेला.

मॅडमनी चेंडू उचलला होता. त्यांनी पदराने त्याची माती पुसली. उन्हाकडे धरला. सावकाश गोल फिरवला. पत्रे वाजवणाऱ्यांना कळेना काय चाललंय, ते थांबले. आमचे पाच जण लाइनीवर येऊन उभे, सगळ्यांचे डोळे चेंडूवर. भंडारी साहेब खुर्चीतून अर्धवट उठले.

साळवे हात पुढे करून उभा होता. “मॅडम?”

मॅडमनी चेंडू आणखी एकदा फिरवला. मग त्याच्या हातात दिला.

“ओके,” त्या म्हणाल्या. “चालवा.”

साळवे लाइनीच्या आत आला. सर्व्हिस त्यांची होती, म्हणून त्याने चेंडू जाळीखालून पलीकडे सरकवला.  शिट्टी वाजली.

त्यांची सर्व्हिस बाबूने उचलली, साळवेने चेंडू वर दिला, रफिकने मारला. नऊ-अकरा. साळवेची सर्व्हिस. दहा. अकरा-अकरा. त्यांना एक मिळाला, बारा. पुन्हा बाबू, साळवे, रफिक. बारा-बारा. आता कुणी खाली बघत नव्हतं. चेंडू कुठे पडला हेही कुणी बघत नव्हतं, पुढचा आलाच! तेरा. पलीकडच्यांनी टाइम-आउट घेतला, तर आमचे जागेवरच उभे राहिले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. चौदा.

“साळवेदादा, उचला!” बाबू ओरडला.

साळवेने चेंडू उचलला तो त्या वाकलेल्या खांबाच्या बाजूला. रफिक आला.

पहिला सेट नऊ-पंधरा. दुसरा सेट पंधरा-अकरा. तिसरा सेट पंधरा-बारा. खुंट्या टेम्पोतच परत गेल्या.